कॅन्टरव्हिलचं भूत रेडिओवर: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी भागातल्या ज्या मंडळींना जुन्या श्रुतिका, म्हणजे रेडिओवरची नाटकं, ऐकायला आवडतात किंवा गल्लीत, वाचनालयात, कॉलेजात स्वतः एखादी बसवायची आहे त्यांच्यासाठी हे लिहिलंय. एकाच गोष्टीबद्दल आहे, ऑस्कर वाइल्डच्या ‘द कॅन्टरव्हिल घोस्ट’बद्दल, कारण विनोदी भूतकथा रेडिओवर कशी करायची हे शिकायला मला तरी याच्याहून चांगली गोष्ट माहीत नाही.

गोष्ट काय आहे थोडक्यात?

इंग्लंडात कॅन्टरव्हिल चेस नावाचा जुना वाडा. हायरम ओटिस नावाचा अमेरिकन वकिलातीचा मोठा साहेब तो विकत घेतो. विकणारा लॉर्ड भला माणूस, आधीच सांगतो की वाड्यात भूत आहे, आमच्या घरच्यांनी लई भोगलंय. ओटिससाहेब म्हणतो, हरकत नाही, फर्निचरबरोबर भुताचीही किंमत लावा, घेतो. मग बायको, मोठा मुलगा वॉशिंग्टन, पंधरा वर्षांची व्हर्जिनिया आणि दोन जुळी कारटी असं सगळं कुटुंब तिथं राहायला येतं, आणि तीनशे वर्षं लोकांना घाबरवत आलेल्या सर सायमनच्या भुताला या घरातलं कोणीच घाबरत नाही. उलट भूतच त्यांना घाबरायला लागतं. इथपर्यंत नुसती धमाल. शेवटी मात्र व्हर्जिनिया त्या भुताला सोडवते, आणि तिथं गोष्ट एकदम वेगळ्याच जागी जाते.

कधीची आहे?

१८८७ ची. फेब्रुवारी-मार्चमध्ये लंडनच्या एका साप्ताहिकात दोन भागांत आली आणि १८९१ मध्ये पुस्तकात गेली. तेव्हा रेडिओ जन्मालाही आला नव्हता. पण वाचताना असं वाटतं की माणसानं कान समोर ठेवून लिहिलीय.

सिनेमा बघितलाय की, रेडिओवर कशाला ऐकायची?

पहिली गोष्ट, १९४४ चा चार्ल्स लॉटनचा सिनेमा बघितला असेल तर मूळ गोष्ट तुम्ही अजून ऐकलेलीच नाही. त्यात कथानक दुसऱ्या महायुद्धात नेलंय, अमेरिकन सैनिक वाड्यात मुक्कामाला येतात आणि भूत हे भित्रेपणाच्या शापानं अडकलेलं आहे. मूळ सर सायमन भित्रा नाही, खुनी आहे. फार फरक पडतो.

दुसरं म्हणजे भूत दाखवलं की संपलं. पडद्यावर पांढरा मेकअप केलेला माणूस दिसला की आपण मेकअपच बघत बसतो. रेडिओवर सर सायमनला अंग नसतं, फक्त आवाज असतो, म्हणजे तो खराखुरा भूत असतो आणि समोरचे ओटिस लोक पण फक्त आवाजच असतात, त्यामुळं दोघं बरोबरीचे होतात. एक आवाज घाबरवायचा जीव तोडून प्रयत्न करतोय आणि दुसरा आवाज त्याला शांतपणे तेलाची बाटली देतोय. हे कानानं ऐकताना जेवढं हसू येतं तेवढं बघताना येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

तेलाची बाटली म्हणजे?

हा प्रसंग नीट सांगतो, कारण पूर्ण श्रुतिका यावर उभी आहे.

रात्र. खोलीबाहेरच्या बोळातून लोखंडाचा खणखणाट, हळूहळू जवळ येतोय. ओटिस उठतो, काडी ओढतो, घड्याळ बघतो, बरोबर एक वाजलाय. सपाता घालतो, पेटीतून एक छोटी बाटली काढतो, दार उघडतो. समोर लाल डोळे, खांद्यापर्यंत लोंबणारे करडे केस, हातापायांत गंजक्या बेड्या. आणि ओटिस म्हणतो, महाराज, त्या साखळ्यांना तेल घाला हो जरा, झोप लागेना आम्हाला, ही बाटली इथं ठेवतो, अजून लागली तर सांगा. दार बंद. झोपतो.

आता हे रेडिओच्या कानानं बघा. साखळी, काडी, सपातांचा फटफट आवाज, दाराची कुरकुर, दोन-चार वाक्यं, दाराची कडी. मग शांतता. ती शांतता किती वेळ ठेवायची यावर सगळा खेळ आहे, कारण त्या शांततेत बाहेर बोळात एक तीनशे वर्षांचं भूत अपमानानं थिजून उभं आहे हे ऐकणाऱ्याला स्वतःलाच दिसायला पाहिजे. घाई केली तर गेलं. माझ्या मते चार सेकंद तरी, आणि मग एकदम बाटली फुटल्याचा आवाज.

आणि पुढं काही दिवसांनी तेच भूत मुकाट्यानं ते तेल वापरायला लागतं. म्हणजे नंतरच्या सीनमध्ये साखळीचा आवाज यायलाच नको. श्रोत्यांच्या लक्षात आलं की मजा येते.

मग हिरवा डाग रेडिओवर कसा दाखवायचा? रंग तर दिसत नाही.

दाखवायचाच नाही. वाड्याच्या लायब्ररीत फरशीवर रक्ताचा डाग आहे, १५७५ मध्ये सर सायमननं बायकोला तिथंच मारलं. वॉशिंग्टन डाग काढायच्या औषधानं तो पुसून टाकतो, सकाळी डाग परत. परत पुसतो, परत येतो. मग रंग बदलायला लागतो, लाल, शेंदरी, जांभळा आणि एक दिवस चक्क हिरवागार. घरातले रोज संध्याकाळी पैज लावतात. बस, त्या पैजेचा सकाळचा निकालच रेडिओवर घ्यायचा, नाष्ट्याच्या टेबलावर कपबशांचा आवाज आणि जुळ्यांचं ओरडणं, आज कुठला, आज कुठला. आणि व्हर्जिनिया तेवढी गप्प. ती का गप्प आहे हे फार नंतर कळतं, भूत तिच्याच रंगपेटीतले रंग चोरत असतं, आधी शेंदरीसकट सगळे लाल संपवले, मग हिरवा आणि पिवळा पण नेला. रेडिओवर गप्प माणूस विसरला जातो म्हणून मधे कोणीतरी एकदा “व्हर्जिनिया, तू काहीच बोलेनास ते?” असं म्हणायला हवं, एवढंच.

शेवटाकडं वाळलेल्या बदामाच्या झाडाला फुलं येतात, ते तर वाइल्डनं स्वतःच जुळ्यांपैकी एकाच्या तोंडी घातलंय, तो खिडकीतून बघून ओरडतो. तुम्हाला काही करायलाच नको.

जुन्या काळी अशा श्रुतिका कशा करायचे?

लाइव्ह. चुकलं तर चुकलं. बीबीसीनं १९२४ मध्ये खास रेडिओसाठी लिहिलेलं नाटक लावलं ते कोळशाच्या खाणीत घडतं, दिवे गेलेत आणि माणसं अंधारात अडकलीत, म्हणजे ऐकणारा आणि पात्रं दोघंही आंधळी. काय डोकं लावलंय बघा, माध्यमाची अडचण तीच नाटकाची गोष्ट केली. भूतकथा रेडिओला एवढ्या मानवतात त्याचं कारण पण हेच, अंधार फुकट मिळतो.

अमेरिकेत तीस-चाळीसच्या दशकात मोठ्या नेटवर्कचे कार्यक्रम बऱ्याच वेळा एकाच रात्री दोनदा व्हायचे, पूर्वेसाठी एकदा आणि तीन तासांनी पश्चिम किनाऱ्यासाठी परत, त्याच नटांनी. टेप नव्हती. रेकॉर्ड करायचंच तर सोळा इंची तबकड्यांवर. टेपचा जमाना १९४७ नंतर सुरू झाला. आज आपण जे जुनं ऐकतो ते बरंचसं त्या तबकड्या कोणीतरी जपल्या म्हणून, त्यामुळं खरखर ऐकू आली तर वैतागू नका.

स्टुडिओत रिबन माइक असायचा, तो पुढून आणि मागून दोन्ही बाजूंनी ऐकतो आणि दोन्ही कडांना जवळजवळ बहिरा असतो. म्हणून दोन नट समोरासमोर उभे राहून बोलायचे आणि एखाद्याला लांबून येताना दाखवायचं झालं तर तो कडेकडून बोलत बोलत माइकसमोर सरकायचा. भूत लांबून येतंय हे असं नुसत्या पावलांच्या जागेनं करायचे. कागद फडफडू नयेत म्हणून स्क्रिप्टची पानं सुटी ठेवायची, हे आजही पाळा.

भुताचा आवाज कसा काढायचा? ॲपमध्ये इको मारला तर चालेल का?

चालेल पण थोडा. पूर्वी यासाठी रिकामी खोली असायची, तिथं स्पीकरवर आवाज सोडायचा आणि दुसऱ्या माइकनं परत उचलायचा. तुम्हाला जुन्या घराचा जिना किंवा रिकामी पाण्याची टाकी मिळाली तर तसंच करा, फोनमधल्या इकोपेक्षा शंभर पटीनं बरं. बाकीच्यांचे आवाज रजई-गाद्यांनी भरलेल्या खोलीत, माइकपासून वीतभरावर, म्हणजे त्यांच्या आवाजाला खोलीच नसते आणि भुताच्या आवाजाला अख्खा वाडा असतो. फरक आपोआप कळतो.

पण व्हर्जिनियाशी बोलताना इको काढून टाका. पूर्ण काढा. तिथं तो भूत नसतो, थकलेला म्हातारा असतो.

साऊंड इफेक्ट घरच्या घरी जमतील?

जमतील की. विजेचा कडकडाट म्हणजे लांब पातळ पत्रा एका टोकाला धरून हलवायचा. घोडे म्हणजे नारळाच्या दोन करवंट्या, मातीच्या ताटात आपटायच्या, फरशीवर नाही. पाऊस सुपात तांदूळ फिरवून. शेकोटी हवी तर चॉकलेटचा कागद माइकजवळ चुरगाळा. साखळीसाठी गोठ्यातली जनावराची साखळीच आणा, बाजारातली नवी चकचकीत साखळी पोकळ वाजते. जुळे वाटाण्याच्या फुंकनळ्यांनी भुतावर मारा करतात तिथं खरे वाटाणे पत्र्यावर टाका. हे सगळं आधी वेगळं रेकॉर्ड करून ऑडॅसिटी नावाच्या आवाज जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडता येतं, फुकट आहे, पण जमत असेल तर माणसं बोलत असतानाच बाजूला एकानं आवाज करावेत असं मला वाटतं, नटांना बोलायला हुरूप येतो.

पाठीमागं हसण्याचा आवाज टाकायचा का?

नाही. हात जोडून सांगतो, नाही. सर सायमनला स्वतःचं काहीच विनोदी वाटत नसतं. तो जुन्या नाटक कंपनीतल्या मोठ्या नटासारखा आहे, त्याच्या भूमिका ठरलेल्या, त्यांना नावं आहेत, बिनमुंडक्याचा सरदार, गळा आवळलेलं पोर, कुठल्या साली कोणाला कुठल्या भूमिकेत झीट आणली हे सगळं त्याला पाठ, आणि आता समोरच्या प्रेक्षकाला त्याची कदरच नाही. गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मुलखातल्या लोकांना ही कळ वेगळी समजावून सांगावी लागत नाही. म्हणून भूत करणाऱ्या नटानं आवाज वाकडातिकडा करून हसवायला जाऊ नये. पूर्ण गंभीर, भारदस्त. जेवढा तो गंभीर तेवढं हसू.

बेळगावी मराठीत केलं तर चालेल का? की शुद्धच पाहिजे?

चालेल काय, तसंच करा. भुताला भारदस्त, जुन्या वळणाची मराठी द्या, “तीन शतके या वास्तूत माझा शब्द अखेरचा होता” अशी. ओटिस घरच्यांना आपली रोजची. वाड्यातली जुनी हाऊसकीपर मिसेस अम्नी आहे, ती तर आपल्याकडच्या एखाद्या मावशीच्याच तोंडात बसते:

“तो डाग निघत नसतोय साहेब. बाईसाहेबांचं रगात हाय ते.”

“मग पुसून टाका की हो. कशाला ठेवलाय एवढे दिवस?”

आणि डाग पुसला की विजेचा कडकडाट आणि तिची “यव्वा!” करून झीट. मूळ गोष्टीत ओटिस तिथं बायकोला सांगतो की बशी फुटली तर पगारातून कापतो की नाही, तसं झीट आली की कापायचं, परत येणार नाही. येत पण नाही. हे वाक्य बेळगावी ठेक्यात इतकं चपखल बसतं की बदलू नका काही.

जागा मात्र बदलू नये असं माझं मत. कॅम्पातल्या जुन्या कौलारू बंगल्यात गोष्ट आणायचा मोह होतो, मला पण होतो, पण १५७५ चा खून, इंग्रज घराणं आणि नवश्रीमंत अमेरिकन हा जो सामना आहे तो तिथून उचलला की भूत उरतं आणि गंमत जाते. भाषा आपली ठेवा, गाव त्यांचं राहू दे.

बायकोचा खून करणाऱ्यावर हसायचं, हे बरोबर आहे का?

चांगला प्रश्न आहे आणि बसवणाऱ्यांनी हा टाळू नये. सर सायमन स्वतः कारण सांगतो ते भयंकरच आहे, ती दिसायला साधी होती, कपड्याला इस्त्री-खळ नीट करायची नाही, स्वयंपाक येत नव्हता. व्हर्जिनिया तिथं त्याला सरळ सांगते की कोणाला मारणं वाईटच. तो संवाद कापू नका, बरेच जण वेळ वाचवायला तोच कापतात. त्याच्याशिवाय पुढची माफी फुकटची होते.

आणि त्याच्याच पाठोपाठ माझ्या मते पूर्ण गोष्टीतलं सगळ्यात मोठं वाक्य येतं. भूत म्हणतं, मी तिला मारलं खरं, पण तिच्या भावांनी मला उपाशी ठेवून मारलं हेही काही चांगलं नाही केलं. आणि ती पोरगी पटकन म्हणते, उपाशी? तुम्हाला भूक लागलीय का? माझ्याकडं सँडविच आहे. तीनशे वर्षांत त्याला कोणी जेवलास का म्हणून विचारलेलं नाही. श्रोता इथं हसतो आणि हसता हसता घशाशी येतं. मराठीत करताना मी तरी सँडविचची भाकरी करीन. या एका वाक्यासाठी वीस मिनिटांचा दंगा केलेला आहे, हे वाक्य करणारी मुलगी कोण हे आधी ठरवा, बाकी पात्रं नंतर.

व्हर्जिनिया भुताबरोबर आत गेली तिथं काय झालं?

वाइल्ड सांगत नाही, ती पण शेवटपर्यंत कोणाला सांगत नाही, नवऱ्याला सुद्धा नाही. तुम्ही पण सांगू नका. सर सायमन तिला म्हणतो की माझ्याकडं अश्रू नाहीत म्हणून तू माझ्यासाठी रड, माझ्याकडं श्रद्धा नाही म्हणून तू प्रार्थना कर. ती भिंतीतून आत जाते, घरचे रात्रीपर्यंत शोधत फिरतात, मध्यरात्री ती दागिन्यांची पेटी घेऊन परत येते. मग त्या कोठडीत साखळीला जखडलेला सांगाडा सापडतो, हात पसरलेला, आणि ताट-तांब्या हाताला लागणार नाही एवढ्याच अंतरावर. आत काय झालं ते रेडिओवर संगीत घालून दाखवायचा प्रयत्न बरेच करतात, मला नाही पटत. दार बंद झाल्याचा आवाज आणि थेट बाहेरची शोधाशोध.

आपल्याकडच्या भुतांत हा कुठं बसतो?

वाड्याला धरून बसलेला, वासना राहिलेला, अंत्यविधी न झालेला, म्हणजे समंधाच्या जवळचा. आपल्याकडं कावळा शिवेपर्यंत माणूस सुटला असं मानत नाहीत, त्यामुळं कोणीतरी आपल्यासाठी रडावं ही त्याची मागणी आपल्या आजीला एका वाक्यात कळते.

लहान पोरांना ऐकवावी का?

सात-आठ वर्षांच्या पुढं खुशाल. सांगाड्याच्या वर्णनाला आवाज थोडा हळू ठेवा.

बेळगाव भागात मराठी श्रुतिका ऐकायची पद्धत होती का?

होती म्हणजे काय. धारवाड केंद्र १९५० चं, जवळचं आणि ताकदीचं, पण ते कन्नड. मराठीसाठी काटा फिरवायचा तो १९६३ ला सुरू झालेल्या सांगलीवर, निपाणी-चिकोडीकडं ते दिवसाही स्वच्छ लागायचं. पुणे मात्र रात्री बरं लागायचं. दिवसा उन्हामुळं वातावरणाचा एक खालचा थर मीडियम वेव्ह गिळून टाकतो, रात्री तो थर विरतो आणि लहरी वरून परावर्तित होऊन लांब पोचतात. त्यामुळं रात्रीचं लांबचं नाटक आवाज कमी-जास्त होत, मधे दुसरं स्टेशन घुसत असं ऐकलं जायचं, आणि भुताच्या नाटकाला तो चढउतार फार शोभायचा. त्यात पावसाळा आणि लाइट गेलेली असली तर मग बघायलाच नको, सेलवरचा ट्रान्झिस्टर मधे ठेवून सगळं घर भोवती.

किती वेळाची करावी, काय कापावं?

मूळ गोष्ट साधारण अकरा हजार शब्दांची, नुसती वाचली तरी तास-सव्वा तास. श्रुतिका अर्ध्या ते पाऊण तासाची बरी. व्हर्जिनिया हरवल्यावर जिप्सी भटक्यांचा शोध, अंत्ययात्रेचं लांब वर्णन, त्यानंतरचे दागिन्यांचे बोलणे हे आटपतं घ्या. डाग, तेल, मिसेस अम्नीची झीट, जुळ्यांनी पडदा आणि भोपळ्यागत कंदाचं डोकं लावून बनवलेलं खोटं भूत बघून खरं भूत पळून जातं तो प्रसंग, आणि व्हर्जिनियाचा सीन, यांना हात लावू नका. निवेदक ठेवा पण कमी बोलू दे, जिथं पात्र बोलू शकतं तिथं निवेदक नको.

परवानगी लागते का?

मूळ गोष्टीला नाही. वाइल्ड १९०० मध्ये गेला, आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क असतात, ते कधीच संपले. पण कोणी अलीकडं केलेला मराठी अनुवाद किंवा दुसऱ्याचं रूपांतर वापरणार असाल तर त्यांचा हक्क त्यांचा, विचारूनच घ्या. जुन्या रेकॉर्डिंगचे तुकडे उचलून आपल्यात जोडू नका.

ऐकायला कुठं मिळेल? इंग्रजी भराभर कळत नाही.

इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या रेडिओ नाटकांचा मोठा साठा आहे, तिथं नावानं शोधा, रूपांतरं एकापेक्षा जास्त आहेत. इंग्रजीचं म्हणाल तर आधी गोष्ट वाचून घ्या, मग ऐका. पहिल्यांदा अर्थाच्या मागं न लागता कोण कुठून बोलतंय, पावलं जवळून येतात की लांबून, शांतता किती आहे एवढंच ऐका. दुसऱ्यांदा शब्द.

माणसं किती लागतील?

जुळी पोरं सोडून सहा पुरतात. भूत आणि व्हर्जिनिया यांना दुसरं काम देऊ नका. ओटिस करणारा लॉर्ड पण करू शकतो, मिसेस ओटिस आणि अम्नी एकच बाई करू शकते पण ती खरंच दोन वेगळी माणसं वाटली पाहिजेत. जुळ्यांना शक्यतो खरी पोरं घ्या, मोठ्या माणसानं काढलेला पोराचा आवाज रेडिओवर लगेच उघडा पडतो. सहावा माणूस फक्त साखळी, दारं आणि पत्र्याला, आणि तालमीला पहिल्या दिवसापासून बोलवा त्याला.